तिचा तालुका

ऑनलाइन बैठकीत दोन शेजारी तालुक्यांचे करोनाचे आकडे पडद्यावर समोरासमोर होते. घोडके डॉक्टरांच्या तालुक्यात महिनाभरात एकही मृत्यू नव्हता. शून्य टिकलं, तर जिल्ह्यात पहिला नंबर त्यांचा. त्यासाठी सगळा दवाखाना रजा न घेता राबला होता.

आता एकाच बाईची नोंद कुठल्या तालुक्यात करायची, ते ठरायचं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ती शेजारच्या तालुक्यातल्या सासरहून घोडकेंच्या तालुक्यात माहेरी आली, बाळंत झाली आणि करोनानं गेली. बाळालाही लागण झाली होती, पण ते बरं झालं.

"आधार कार्ड सासरचं आहे, सर. ती त्यांच्यात जाते," आकडे भरणारी वृषाली हळूच म्हणाली.

"छे हो! माहेरी गेली ना? मग तुमचीच," पडद्यावरून पलीकडच्या तालुक्याच्या मॅडम म्हणाल्या. "बरं झालेलं बाळ मात्र आमच्याकडे लावा. बाळ बापाच्या घरचं असतं."

"मायलेकरांची ताटातूट नको, मॅडम," घोडके म्हणाले. "बाळ हवं असेल तर आईपण घ्या."

"मग राहू द्या बाळही," मॅडम म्हणाल्या.

"मग दोघंही आमची. लिहा, वृषालीताई."

"सर, पण आपला नंबर..."

"जाऊ द्या हो. आई कुणालाच नको होती, असं उद्या त्या पोराच्या कानावर यायला नको."

वृषालीनं शून्य काढून एक टाकला. महिनाभरात तिला आपल्या तालुक्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.