शेंडीचं झाड

झाड जागेवर नव्हतं.

मर्डो मॅथेसनने कपाळावर हात आडवा धरून पुन्हा पाहिलं. खडकाचं टोक तेच, खालची वाळूही तीच. वर आभाळ मात्र मोकळं होतं. जुना पाइन मुळासकट उन्मळून पाण्यात आडवा झाला होता.

"हिवाळ्यातल्या वादळाने नेला असणार," मागच्या वल्ह्यावरून म्हातारा तुसाँ म्हणाला. बोलताना त्याने मर्डोकडे पाहिलं नाही. तो नावेत मधोमध बसलेल्या लिझेटकडे बघत होता.

लिझेट, मर्डोची बायको, थोडा वेळ त्या खोडाकडे बघत राहिली. मग तिने शाल आवळून घेतली. "चला परत. वारा गार आहे."

त्या सरोवरावरच्या प्रत्येक नावाड्याला हा रिवाज ठाऊक होता. मानाच्या माणसासाठी काठावरचा उंच पाइन निवडायचा, मधल्या फांद्या छाटायच्या आणि वर नुसती शेंडी राखायची. मग बंदुकांचे बार. मान ज्याचा, रम त्याच्या घरची. आणि झाड उभं तोवर माणूस उभा. झाड पडलं की त्या माणसाचं वर्ष निघत नाही.

मर्डो अठराव्या वर्षी स्कॉटलंडच्या लुईस बेटावरून आला तेव्हा अंगावर एक लोकरी सदरा होता आणि पेटीत आईने दिलेलं बायबल. फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीत आधी कारकून, मग एका व्यापारी ठाण्याचा प्रमुख, आणि चाळिशी उलटायच्या आत उत्तरेकडच्या सगळ्या ठाण्यांचा. बीव्हर या केसाळ जनावराची कातडी नुसती हुंगून ती कुठल्या नदीची ते तो सांगायचा. पण म्हातारपणी त्याचा जीव अडकला होता तो या झाडात.

त्या झाडाची गोष्ट तो रंगवून सांगे. वसंतातलं फुगलेलं पाणी, कातड्यांचे चोवीस गठ्ठे, नवी नवरी लिझेट मागे गठ्ठ्यांवर बसलेली. नदीच्या खळाळत्या उतारावर मागचा वल्हेवाला पाण्यात फेकला गेला. "मी नावेच्या नाकावर. ओरडतोय, डावीकडे घ्या, डावीकडे! मागे बघायला फुरसत कुणाला? कुणीतरी वल्हं धरलं आणि निघालो बाहेर. या टोकाला लागतो न लागतो तोच पोरं झाडावर चढली. मी टोपी काढली आणि म्हटलं, फोडा रे रमचं अख्खं पिंप!"

गोष्ट इथवर आली की लिझेट चुलीत लाकूड सारायला उठायची.

घरी परतल्यावर मर्डोने आवराआवर सुरू केली. बंदूक तुसाँला दिली, घड्याळ जावयाला. लुईस बेटावरच्या पुतण्याला पत्र लिहिलं. मरणाची त्याला फार भीती नव्हती, पण ते दिवस पुन्हा दिसायचे नाहीत याचं वाईट वाटत होतं. वल्ह्यांच्या तालावरची गाणी, पहाटेचा धूर, चाळीस माणसांची एकदम उठणारी हाक. आठवलं की डोळे भरून यायचे, आणि तो ते लपवत नसे.

"तुम्हाला काही होत नाही," लिझेट म्हणाली.

"झाड पडलंय, लिझेट."

"पडू दे. तुम्हाला काही होत नाही."

"तुला काय देवाने चिठ्ठी पाठवलीय?"

ती हसली, आणि त्याला पीठ मळायला बसवलं. रोज एकेक गोष्ट ती त्याला शिकवत होती. तव्यावरची जाड भाकरी, वाटाणे किती वेळ भिजवायचे, लोकरी मोजे कुठल्या पेटीत.

"मरणाऱ्याला भाकरी कसली शिकवतेस?"

"मेल्यावर शिकवता येत नाही म्हणून."

शिकवता शिकवता ती टेबलाला धरून थांबायची, श्वास घ्यायची. माझ्या जाण्याचं हिने फारच मनाला लावून घेतलंय, असं त्याला वाटायचं. मग तो तिचा हात हातात घ्यायचा. उजव्या तळव्यावर एक जुना, लांबट वण होता. तो कसला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

उन्हाळा सरला. बदकं दक्षिणेला गेली. मर्डो रोज सकाळी उठायचा आणि अजून आहोत याचं त्याला नवल वाटायचं.

पहिल्या बर्फाच्या सकाळीही तो असाच उठला. चूल थंड होती. त्याने लिझेटला हाक मारली. मग जवळ जाऊन हलवलं.

पुरून झाल्यावर लोक पांगले. तुसाँ तेवढा मागे राहिला. मर्डो ओल्या मातीकडे बघत होता.

"झाड माझं पडलं आणि नेलं हिला," तो म्हणाला. "देवाचा नेम चुकला, तुसाँ."

तुसाँने टोपी हातात फिरवली.

"चुकला नाही, साहेब. त्या दिवशी मागचं वल्हं बाईंनी धरलं होतं, हात फाटेस्तोवर. झाड आम्ही त्यांच्यासाठी छाटलं. तुम्ही पुढे उठून टोपी काढलीत, तेव्हा आम्ही सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं."