डाग की खड्डा

युद्ध संपल्यावर चौकशी बसली. शाळेमागे खड्डा खणून गावकऱ्यांना पुरल्याचा आरोप होता, पण मैदान आता सपाट होतं. आरोपी अधिकाऱ्याने साक्षीला आलेल्या फोटोवालीने लढाईत काढलेला त्या जागेचा फोटो नाचवला. “साहेब, हा खड्डा नाही, जळलेल्या गवताचा डाग आहे. बाई राईचा पर्वत करताहेत.” मागच्या बाकांवर बेपत्ता माणसांच्या आया बसल्या होत्या. फोटोवाली पुढे आली. “माझ्या कॅमेऱ्याला दोन डोळे आहेत, साहेब, एका वेळी दोन फोटो निघतात. एका फोटोत खोली कळत नाही, जोडीत कळते.” तिने एकाच पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन फोटो भिंगांच्या लाकडी पेटीत सरकवून पेटी न्यायाधीशांपुढे धरली. “डाग निघाला तर मला खुशाल तुरुंगात टाका.” न्यायाधीशांनी भिंगांना डोळे लावले. पुढच्याच क्षणी काठावरून तोल जावा तसे ते दचकले आणि त्यांनी पाय झटकन मागे घेतला.