पातीवरचे शब्द

वहीचा पुठ्ठा अर्धा जळायचा राहिला, म्हणून शिवकन्येला कळलं. चुलीतल्या राखेतून तिनं तो ओढून काढला. आतली पानं गेली होती. सहाशे इंग्रजी शब्द, प्रत्येकाचा अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. दोन वर्षं एकेक करून जमवलेले. नोकरीची परीक्षा रविवारी नांदेडला होती, आणि वयाच्या अटीमुळं ही तिची शेवटचीच.

सासूनं, सरजाबाईनं, काही लपवलं नाही.

"म्याच घातली. पास झालीस की जाशील निघून. मग हे घर काय भिंती सांभाळतील?"

शिवकन्या रडली नाही. रागानं तिला तेवढी सवडच दिली नाही. "परीक्षेला मी जाणारच," ती म्हणाली आणि खुरपं घेऊन बाहेर पडली.

मुदखेडजवळच्या त्या गावात खुरपणी सावडीनं चालते. आज हिच्या सोयाबीनात सगळ्यांनी जायचं, उद्या तिच्या. सात बायका, प्रत्येकीची खुरपत जायची आपली ओळ, म्हणजे पात. सरजाबाईही असायची, पण सुनेपासून सगळ्यात लांबची पात धरून. शिवकन्येला एक खोड होती. खुरपताना ती शब्द मोठमोठ्यानं घोकायची. बायका वैतागायच्या. वयानं थोरली पंचफुलाबाई तर तोंडावर म्हणायची, "अगं, तुझ्या इंग्रजीनं तण मरून न्हाई राहिलं."

आज मात्र एक पात संपली तरी शिवकन्येच्या तोंडून शब्द नाही.

"काय गं, दातखीळ बसली का?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"वही जळाली, मावशी."

कुणी जाळली ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सगळ्यांनी एकदा शेवटच्या पातीकडं बघितलं आणि माना खाली घातल्या.

मग पंचफुलाबाई, जिनं जन्मात अंगठ्याशिवाय कागदावर काही उमटवलं नव्हतं, ती म्हणाली, "टिमिड. म्हंजे भित्रा. उलटा बोल्ड. त्या बाभळीपाशी म्हणली होतीस तू."

शिवकन्या तिच्याकडं बघतच राहिली.

"फ्रुगल," शेजारच्या पातीवरून उज्वला म्हणाली. "काटकसरी. माझा सासरा हाय तसा, म्हणून ध्यानात राहिलं."

हशा पिकला, आणि मग कुणी थांबेचना. एकीला विहिरीकडचे शब्द आठवत होते, दुसरीला बांधाकडचे. अर्थ एकीनं सांगावा, समानार्थी दुसरीनं, उलटा तिसरीनं. उच्चारांचं पार भजं झालं होतं, पण शब्द पक्के होते. शिवकन्येनं कमरेचा बटणाचा मोबाईल काढला, आवाज भरून घ्यायला लावला आणि ओच्यात ठेवला. दोन वर्षं तिला वाटत होतं, आपण एकटीच शिकतोय.

सहाशे काही होणार नव्हते. पण भाकरी खायला बसेपर्यंत दोनशेच्या वर गेले, आणि रविवारच्या आधी अजून चार दिवस होते. म्हणजे अजून चार शेतं.

दुपारनंतर 'मीगर'पाशी गाडं अडलं. मीगर म्हणजे तुटपुंजं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उलटा शब्द कुणालाच येईना. उज्वलानं दोन-तीन शब्द ठोकून पाहिले. पंचफुलाबाईनं कपाळ चोळलं. शिवकन्येच्याही ओठावर येऊन तो मागं फिरत होता.

"जाऊ द्या," ती शेवटी म्हणाली. "एका शब्दानं काय होतंय?"

"अबंडंट," शेवटच्या पातीवरून आवाज आला. "म्हंजे रग्गड."

सगळी खुरपी थांबली. सरजाबाई मान खाली घालून तण उपटत होती.

"बघता काय माझ्याकडं?" ती म्हणाली. "वही चुलीत घातली म्या. कान न्हाई घातले."