नामावलीबाहेरचा आवाज

रेडिओवरचा साप्ताहिक कलाविषयक कार्यक्रम थेट सुरू होता. समोर बसलेला दिग्दर्शक छाती फुगवून म्हणाला, "माझ्या नायिकेने आवाजासाठी रक्ताचं पाणी केलं!" सिनेमातला प्रसंग वाजला आणि निवेदिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो आवाज तिच्या आत्याचा होता. उभं आयुष्य रंगभूमीवर घालवलेल्या आत्याने नायिकेचे सगळे संवाद म्हटले होते, पण श्रेयनामावलीत तिचा पत्ताच नव्हता. "जाऊ दे गं," तेव्हा आत्या म्हणाली होती. निवेदिकेने श्रोत्यांसाठीच्या फोनवरून आत्याला कार्यक्रमात घेतलं. "आत्या, आत्ता रेडिओवर ऐकलंस ते वाक्य म्हण." काचेपलीकडून कार्यक्रमाचा निर्माता गाणं लावायला खुणावत राहिला. आत्याने वाक्य म्हटलं, हुबेहूब. दिग्दर्शक चाचरला, "आवाज काय, सारखेही असतात!" "हा आवाज कुणाचा? आत्या, तूच सांग!" निवेदिका कडाडली. मग आत्याने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट.