मेलेल्या बाईचा आवाज

युगांडातल्या मसाका शहरात आमच्या व्हिडिओ हॉलमध्ये परदेशी सिनेमा लागला की सगळ्या पात्रांचं बोलणं माइकवरून आमच्या लुगांडा भाषेत मीच बोलतो. भक्तांचे खून करणाऱ्या पाद्र्याचा सिनेमा आज तिसऱ्यांदा बोललो. घसा बसला, जीव विटला.

दारात लोकांना विचारलं, "कसा वाटला?"

"पाद्री काही जमला नाही," म्हातारा सेंपिजा म्हणाला. "पण लेका, मेलेल्या बाईचा आवाज! काटा आला अंगावर."

मेल्यावर ती बाई बोलतच नाही. तेवढ्यात मी माइक बंद करून पाणी पितो.

"काय म्हणाली ती?"

"प्रार्थना," केळी विकणारी नाकिबुका म्हणाली. "शेवटी खुन्याला माफ केलं तिनं. पण लुबेगा, तिनं तुझं नाव का घेतलं रे?"