उजेडाच्या जागा

तपासणीसाठी ताटकळत बसलेले बाकी सगळे म्हातारे पुरुष होते. नेलिदा तेवढी एकटी बाई. शिरेतून टोचायचं ते औषध खरं तर प्रोस्टेटचा कॅन्सर शोधायचं. पण नेलिदाला झालेला लाळग्रंथीचा दुर्मिळ कॅन्सर अंगात कुठे पसरला असेल तर तोही त्याने उजळून दिसतो, असं डॉक्टरांचं म्हणणं.

"मला मिशा फुटल्या तर तुझ्याच वस्तऱ्याने काढीन, म्हाताऱ्या," ती नवऱ्याला, ओविदियोला, म्हणाली. कोपऱ्यात माते नावाच्या कडू चहाचा तुंबा एकमेकांकडे देत बसलेले दोघे खो खो हसले. ओविदियोला काही हसू आलं नाही.

डाव्या गालातली गाठ काढून बरीच वर्षं लोटली होती. आता हा खोकला. मुलगी रोसिना नोकरीसाठी स्पेनला निघालेली, पण आईचं काय निघतं ते कळल्याशिवाय तिकीट काढणार नाही म्हणून अडून बसली होती. पाइसांदू गावाहून राजधानी मोन्तेविदेओपर्यंत बसमध्ये नेलिदा त्यावरूनच कुरकुरत आली होती. माझ्यापायी पोरीचं अडायला नको, एवढंच तिचं पालुपद.

तिला यंत्रात सरकवलं. शेजारच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, आणि आत डोकावू नये एवढं भान ओविदियोला राहिलं नाही. पडद्यावर नेलिदाचा देह होता. उजव्या गालात आणि हनुवटीखाली लखलखीत उजेड.

"संपलं म्हणायचं," तो पुटपुटला.

यंत्र चालवणारी मिर्ता वळली. त्याला हटकायचं सोडून तिला त्याची कीवच आली. "अहो काका, त्या लाळेच्या ग्रंथी. माझ्याही अशाच चमकतील. तिथे चमकतंय ते चांगलंच. डावी काढून टाकलीये, म्हणून त्या बाजूला अंधार."

त्याच्या जिवात जीव आला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. छातीत दोन्हीकडे मूठभर तांदूळ सांडावेत तसे बारीक दाणे चमकत होते.

"आणि हे?"

मिर्ताने पडदा स्वतःकडे वळवला. ते डॉक्टर सांगतील म्हणाली, आणि उठून दार लावून घेतलं.

नेलिदा कोटाची बटणं लावत बाहेर आली. त्याचा चेहरा बघून तिने त्याला भिंतीकडे ओढलं. काय पाहिलंस ते सांग म्हणाली, थापा नकोत.

"चमकतं ते चांगलं, असं ती बाई म्हणाली." यातलं अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यालाच तो धरून राहिला.

"मग, मी चमकले का?"

"खूप," ओविदियो म्हणाला. "पार छातीपर्यंत."

नेलिदाने एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग तिने मुलीला फोन लावला.

"सगळं चांगलं आहे, पोरी. काढ तिकीट," ती म्हणाली, आणि खोकला ऐकू जाऊ नये म्हणून फोन ओविदियोच्या हातात दिला.