कानातला कापूस

मिरजोळ्याच्या आमच्या कारखान्यात आंब्याचे डबे बंद करणारं मशीन बावीस वर्षं माझं डोकं फोडतंय. मी कानांत कापूस घालतो, जेवायला एकटाच बसतो. त्यामुळे सगळ्यांच्या लेखी मी तिरसट. नवीन आलेली राही मशीन सुरू झालं की कान दाबून धरायची. तिने डॉक्टरचा कागद आणला, ऑटिझमचा. साहेबांनी लगेच तिला लाल हेडफोन दिले. मी जळून खाक. हेडफोन मागायला केबिनमध्ये गेलो. साहेब आमच्याच वाडीतले. "तुम्हाला कशाला हो? तुमचा बापूस पण असाच होता. अख्खं घराणंच तिरसट!" बाहेर आलो, तर दारात राही, हेडफोन गळ्यात. सगळं ऐकलेलं. "काका, तिरसट म्हणत का होईना, तुम्हाला बावीस वर्षं ठेवून घेतलं?" "हो." "मला कागद मिळेपर्यंत तीन नोकऱ्यांवरून काढलं." ती माझ्या कानातल्या कापसाकडे बघत राहिली, मी तिच्या हेडफोनकडे बघतो तशीच.